शनी पालटेपर्यंत

विश्वनाथराव देवस्थळींनी पत्रिका बघणं सोडलं त्याला आठ महिने झाले होते. भोपाळातल्या मराठी घरांमध्ये ही बातमी हळूहळू पोचली आणि ज्याने त्याने आपापल्या परीने तिचा अर्थ लावला. बायको गेली आणि माणूस खचला, असं बहुतेकांचं मत पडलं. कुणी म्हणालं, आता वय झालं, सत्तरीला आले, डोळ्यांना झेपत नसेल. विश्वनाथरावांनी कुणालाच काही सांगितलं नाही. कुणाचा फोन आला तर ते एवढंच म्हणत, "नाही हो, आता बंद केलंय ते," आणि दुसऱ्याने पुढे काही विचारायच्या आत निरोप घेत.

साताऱ्याहून बदली होऊन ते इथे आले तेव्हा तिशीचेही नव्हते. टेलिफोन खात्यातली नोकरी, अरेरा कॉलनीत पहिल्या मजल्यावरचं छोटं घर, बायको शकुंतला आणि एक मुलगा. पत्रिका हा संध्याकाळचा छंद. पण छंदाचं नाव झालं आणि इंदूर-उज्जैनहूनही माणसं यायला लागली. त्यातही शनी हा त्यांचा खास विषय. साडेसाती म्हटलं की चेहरा उतरलेली माणसं त्यांच्यासमोर येऊन बसत आणि विश्वनाथराव त्यांना शांतपणे समजावून सांगत. शनी कुणाचा वैरी नाही. सूर्याचा मुलगा, पण बापाशी न पटलेला. पायाने अधू, म्हणून चाल मंद. एका राशीतून जायला त्याला अडीच वर्षं लागतात. आपल्या चंद्राच्या मागच्या राशीत तो आला की साडेसाती लागते, पुढच्या राशीतून बाहेर पडला की सुटते. तो उशीर करतो, एकटं पाडतो, हाडं दुखवतो, पण न्यायाला चुकत नाही. "आपण फक्त धीर धरायचा," असं ते शेवटी म्हणत, आणि आलेला माणूस जिना उतरताना थोडा हलका होऊन उतरत असे.

आता जिन्यावर कुणाची पावलं वाजत नव्हती. सकाळी एकांत पार्कात दोन फेऱ्या, मग पेपर, मग छोट्या कुकरात मुगाची खिचडी. खिचडी एकदाच करायची आणि दोन्ही वेळा खायची. दुपारी कधी गॅसवाला आला तर विश्वनाथराव त्याला उगाच दोन प्रश्न जास्त विचारत, गाव कुठलं, रोज किती मजले चढतोस, आणि तो गेला की आपलाच आवाज घरात किती मोठा वाटला याचं त्यांना नवल वाटे. दर रविवारी अकरा वाजता बंगळूरूहून निनादचा फोन येई. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, पाणी येतंय का. चार मिनिटांत बोलणं संपे. मुलगा वाईट नव्हता. दोघांच्या मधे जी बाई सगळं बोलायची ती गेली होती, आणि तिच्यावाचून कसं बोलायचं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी दाराची बेल वाजली. दारात चाळिशीची एक बाई उभी होती. हातात कापडी पिशवी, आणि चढून आल्यामुळे दम लागलेला.

"काका, ओळखलं नाही ना? मी वैशाली. ग्वाल्हेरच्या शिरोळकरांची. आमच्या पत्रिका तुम्हीच जुळवल्या होत्या, अठरा वर्षं झाली."

विश्वनाथरावांना अंधुकसं आठवलं. त्यांनी तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि ती बोलायच्या आधीच सांगून टाकलं, "मी आता बघत नाही गं. दुसऱ्या कुणाचा नंबर देतो हवा तर."

"दुसरे बघून झाले, काका. त्यांच्यामुळेच तर आले."

तिचा नवरा मिलिंद. अशोका गार्डनमध्ये मोटर वाइंडिंगचं दुकान, पंखे-कूलर दुरुस्तीचं काम. मीन रास. "साडेसातीचा मधला काळ चाललाय म्हणतात. त्यांच्या ओळखीच्या एका पंडितजींनी अकरा शनिवार तेल घालायला सांगितलंय, उडीद दान करायला सांगितलंय. तेव्हापासून हे बिलकुल ऐकत नाहीत. मी म्हणते डॉक्टरला दाखवू, तर म्हणतात अकरा शनिवार होऊ दे."

"डॉक्टरला कशासाठी?"

"घास उतरत नाही, काका. पोळी छातीत अडकते. वर पाणी प्यावं लागतं. दोन महिन्यांत इतके बारीक झालेत, पँट कमरेला राहत नाही."

विश्वनाथरावांचा हात टेबलावर होता तिथेच राहिला. मग ते उठले आणि विनाकारण खिडकी उघडली.

"तू आत्ताच त्याला घेऊन जा दवाखान्यात," ते पाठमोरेच म्हणाले. "आज."

"नेलं असतं हो. ऐकले तर ना! तुम्ही म्हणालात तर ऐकतील. तुम्हाला फार मानतात." तिने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. नवऱ्याची पत्रिका. "एकदा बघून फक्त फोन करा त्यांना."

"मी बघत नाही म्हटलं ना!"

आवाज चढला होता. वैशाली दचकली. ती उठून उभी राहिली, "माफ करा काका, काकू गेल्याचं कळलं होतं, मी यायला नको होतं," असं काहीतरी पुटपुटली आणि गेली. कागद टेबलावरच राहिला.

शकुंतलाबाईंची रास मकर. म्हणजे त्यांची साडेसाती संपायला आली होती. गेल्याच्या आदल्या दिवाळीनंतर त्या पहिल्यांदा म्हणाल्या, "अहो, पोटात सारखं गच्च वाटतंय. दोन घासांतच पुरे होतं." विश्वनाथरावांनी पंचांग काढलं. शेवटची अडीचकी, तीही सरत आलेली. शनी जाता जाता शेवटचा हिसका देतो, हे त्यांनी कितीतरी लोकांना सांगितलेलं वाक्य त्यांनी बायकोलाही सांगितलं. "एकोणतीस मार्चला तो मीनेत जातोय. तोवर जरा सांभाळून खा. मग बघ, आपोआप हलकं वाटेल."

शकुंतलाबाईंनी चाळीस वर्षं या माणसाचं ऐकलं होतं. त्यांच्या पत्रिकांवर सगळ्या गावाचा विश्वास, मग बायकोचा का नसावा? जानेवारीत साडी नेसताना कमरेचा घेर वाढलेला आणि हात मात्र काटकुळे झालेले, हे दोघांनाही दिसलं. फेब्रुवारीत त्या दोनदा म्हणाल्या, "एकदा दाखवून येऊया का?" आणि विश्वनाथराव म्हणाले, "आता महिनाच तर राहिला."

एकोणतीस मार्चला शनिवार होता, वर अमावास्या. दुसऱ्या दिवशी पाडवा. विश्वनाथरावांनी गुढी उभारली, श्रीखंडाची वाटी बायकोपुढे ठेवली आणि आनंदाने म्हणाले, "सुटलीस शकू!" शकुंतलाबाई हसल्या. त्यांनी दोन चमचे खाल्ले. आठवडा संपायच्या आत त्या हॉस्पिटलमध्ये होत्या, कॅन्सर पोटभर पसरलेला निघाला, आणि जूनच्या मध्यावर त्या गेल्या.

एवढंच असतं तरी विश्वनाथरावांनी ते कसंबसं सोसलं असतं. पण निनाद बंगळूरूहून धावत आला तेव्हा डॉक्टरांनी त्याच्यासमोर विचारलं, "इतके महिने का थांबलात? चार-पाच महिने आधी आला असतात तर आम्हाला काही करायला जागा होती." निनादने बापाकडे पाहिलं. आणि विश्वनाथराव तोंड उघडणार तेवढ्यात खाटेवरून शकुंतलाबाई म्हणाल्या, "मीच अंगावर काढलं रे. बाबा रोज मागे लागले होते, चल म्हणून. मीच हट्टी."

विश्वनाथराव खाटेच्या पायथ्याशी उभे होते. ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी बोलले नाहीत, तेराव्यालाही बोलले नाहीत, आणि नंतर दर रविवारी चार-चार मिनिटं बोलत राहिले तरी ते एक मात्र बोलले नाहीत.

वैशालीने ठेवलेला कागद तीन दिवस टेबलावर पडून होता. चौथ्या दिवशी त्यांनी तो उघडला. डोळे सवयीने घरांवरून फिरले. लग्न, चंद्र, शनी, दशा. त्यांच्या ध्यानात आलं की यावरून 'आता सगळं ठीक होईल' असंही सांगता येईल आणि 'काळ कठीण आहे' असंही सांगता येईल, आणि दोन्ही सांगताना त्यांचा आवाज सारखाच ठाम असेल. मिलिंदच्या छातीत घास का अडकतो, हे त्या बारा घरांत कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यांनी कागदाची घडी घातली, चपला चढवल्या आणि खाली येऊन ऑटो थांबवली.

अशोका गार्डनच्या चौकात वैशाली त्यांना न्यायला आली होती. निघताना त्यांनी तिला फोन केला होता. रस्ता अरुंद, दोन्हीकडे दुकानं, मागे रुळांवरून मालगाडी चाललेली. ती त्यांच्या बरोबरीने चालत हळू आवाजात म्हणाली, "काका, तुम्ही शनीचं नाव घेऊनच सांगा हं. सांगा की पत्रिकेत असं निघालंय, की या आठवड्यात डॉक्टरला दाखवलंच पाहिजे. मग नाही म्हणणार नाहीत."

विश्वनाथरावांना ते पटलं. सोपंही होतं. खोटं तर खोटं, पण चांगल्यासाठी.

दुकानात वार्निशचा वास भरला होता. भिंतीशी पाच-सहा कूलरचे पंप, उघडे पडलेले पंखे. मिलिंद स्टुलावर बसून तांब्याच्या तारेची कॉइल गुंडाळत होता. शर्ट खांद्यावरून लोंबत होता. काकांना बघून तो लगबगीने उठला, वाकून नमस्कार केला, समोरच्या टपरीवरून चहा मागवला.

"तुम्ही कशाला त्रास घेतलात काका, मीच आलो असतो की!"

चहा आला. मिलिंदने बिस्किट बुडवलं, अगदी लगदा होईपर्यंत थांबला, मग तोंडात टाकलं. पहिला घास गिळल्यावर त्याने मान जराशी पुढे काढली, छातीवर मूठ ठेवली आणि थांबला. मग वर पाणी प्यायला. हे सगळं तो इतक्या सहज करत होता की त्याला स्वतःला ते जाणवतही नसावं.

"मिलिंदराव, तुमची पत्रिका पाहिली," विश्वनाथराव म्हणाले. "शनी तुमच्या चंद्रावरून चाललाय. या काळात देहाची तपासणी करून घ्यावी, असं निघतंय. विशेषतः या आठवड्यात. गळ्याखालच्या भागाची."

मिलिंद त्यांच्याकडे बघत राहिला. मग हसला. "काका, शास्त्रात एंडोस्कोपी पण आली का आता?" त्याने दाराशी उभ्या असलेल्या बायकोकडे नजर टाकली. "हिने शिकवून आणलंय तुम्हाला. सात शनिवार झालेत माझे, चार राहिलेत. पंडितजींनी सांगितलंय, मधे खंड पडला तर सगळं वाया. चार आठवड्यांनी काय बिघडणार आहे?"

चार आठवड्यांनी काय बिघडणार आहे. विश्वनाथरावांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"तिने शिकवलं, खरंय," ते म्हणाले. "पत्रिकेत असलं काही निघत नाही. मी खोटं बोललो. आता खरं सांगतो, ते ऐका, मग तुम्हाला हवं ते करा."

आणि त्यांनी सांगितलं. आजवर कुणालाही न सांगितलेलं, एका कूलरच्या दुकानात, जवळजवळ परक्या माणसाला. दिवाळीपासूनचं सांगितलं. सांगताना ते समोरच्या पंख्याच्या पात्यांकडे बघत होते.

"तिला मी शनिवारचे उपास धरायला लावले होते," ते म्हणाले. "वीस शनिवार. आणि मला वाटायचं, बघा, किती श्रद्धेने करतेय, काही तक्रार नाही. तिला भूकच लागत नव्हती हो. ती उपाशीच होती. मी रोज तिच्यासमोर बसून जेवत होतो आणि मला ते दिसलं नाही. दिसलं, पण मी शनीकडे बघत होतो."

वैशालीने पदर तोंडाशी धरला. रस्त्यावरून कुणीतरी "भाईसाब, पंखा हो गया क्या?" असं विचारत आला. मिलिंदने हातानेच त्याला थोपवलं.

"माझी एकोणतीस मार्च होती, तुमचा अकरावा शनिवार आहे," विश्वनाथराव म्हणाले. "एवढाच फरक. तुम्हाला काय झालंय मला माहीत नाही. कदाचित काहीच नसेल. पण तेल घालायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही. शनिवारी तेल घाला आणि उद्या शुक्रवार आहे, उद्या डॉक्टरकडे जा."

मिलिंदने कॉइल उचलून तारेचं टोक बोटाभोवती गुंडाळलं.

"काका, एक विचारू? आमच्या पत्रिका तुम्ही जुळवल्या. बत्तीस गुण म्हणाला होतात. ते तरी खरं होतं का?"

"तुम्ही दोघं अठरा वर्षं एकमेकांशी नीट राहिलात. ते तुमचं. त्यात माझं काही होतं का, हे मला आता सांगता येत नाही."

मिलिंदने मान हलवली. मग बायकोकडे बघून म्हणाला, "दुकान कोण उघडणार उद्या?"

"बंद राहील एक दिवस!" वैशाली म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं.

पुढचं सगळं पंधरा दिवसांत झालं. अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाशी व्रण होऊन ती आकसली होती. तुकडा काढून तपासायला पाठवला. तो अहवाल येईपर्यंतचे सहा दिवस विश्वनाथरावांनी फोन हाताशी ठेवून काढले. रात्री उशाशी, सकाळी फिरायला जाताना खिशात. आपण कुणाच्या तरी निरोपाची वाट बघतो आहोत ही गोष्ट किती महिन्यांनी घडत होती, हेही मधेच त्यांच्या मनात येऊन गेलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. सातव्या दिवशी वैशालीचा फोन आला. कॅन्सर नव्हता. डॉक्टरांनी आतून फुगा घालून वाट रुंद केली, आणखी एकदा करावी लागेल, गोळ्या लांबवर घ्याव्या लागतील.

"काका, तुम्ही नसतात तर," असं ती म्हणत होती. पण विश्वनाथरावांनी विचारलंच, "महिनाभर उशीर झाला असता तर? डॉक्टर काय म्हणाले?"

ती घुटमळली. "तसा काही फार फरक पडला नसता, म्हणाले. त्रास वाढला असता थोडा."

म्हणजे कुणाचा जीव वाचवला बिचवला नव्हता. विश्वनाथरावांनी फोन ठेवला आणि खिडकीशी जाऊन बसले. त्यांना आनंद झाला होता, खरोखर झाला होता, पण त्या आनंदाने शकुंतलाबाईंचं काही फिटलं नव्हतं. ते कशानेही फिटणार नव्हतं.

मिलिंदने उरलेले शनिवारही पुरे केले. मार्चच्या अखेरीस त्याचा मेसेज आला, 'अकरा पूर्ण, काका. आज दोन पोळ्या खाल्ल्या. दोन्ही उपाय लागू पडले.' विश्वनाथरावांना खूप दिवसांनी हसू आलं.

एप्रिलमध्ये वैशाली डब्यात पुरणपोळ्या घेऊन आली. थोडा वेळ बसली, इकडचं तिकडचं बोलली. जाता जाता जिन्याशी थांबून म्हणाली, "काका, काकूंचं ते मी कुणाला सांगितलं नाही हं. फक्त आईला सांगितलं, ग्वाल्हेरला. तिलाही म्हटलं, कुणाला सांगू नकोस."

ती गेल्यावर विश्वनाथराव दार लावून तिथेच उभे राहिले. ग्वाल्हेरची ती बाई, जिला त्यांनी अठरा वर्षांत पाहिलं नव्हतं, तिला ठाऊक होतं. मिलिंदला ठाऊक होतं. आणि ज्याची आई गेली त्याला ठाऊक नव्हतं.

त्या रविवारी अकरा वाजता फोन वाजला.

"जेवलात का बाबा?"

"निनाद, मला एक सांगायचंय. मधे बोलू नकोस, नाहीतर माझ्याने व्हायचं नाही."

"काय झालं? बरं नाहीये का?"

"हॉस्पिटलात आई म्हणाली होती, बाबा रोज मागे लागले होते डॉक्टरकडे चल म्हणून. ते खोटं होतं. ती एकदा नाही, दोनदा म्हणाली होती, दाखवूया. मीच थांब म्हटलं. मार्चपर्यंत थांब, शनी पालटू दे, असं मी म्हटलं."

पलीकडे वॉशिंग मशीनची घरघर ऐकू येत होती.

"शनी," निनाद म्हणाला.

"हो."

"दहा महिने झाले बाबा."

"हो."

"ठेवतो," निनाद म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

पुढच्या रविवारी अकरा वाजले, साडेअकरा वाजले. फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. विश्वनाथरावांना आधी वाटायचं की घर रिकामं आहे. आता त्यांना कळलं की ती चार मिनिटंही गेल्यावर घर खरं रिकामं होतं. त्यांनी स्वतःहून दोनदा नंबर लावला आणि घंटी वाजायच्या आत बंद केला. त्याचा राग हा त्याचा हक्क आहे, त्यात आपण लुडबुड करायची नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. सून अबोलीचा मात्र एकदा मेसेज आला. 'बाबा, गोळ्या घेत राहा. तो बोलत नाहीये, पण बरा आहे.' तो मेसेज त्यांनी पुन्हा पुन्हा वाचला. मे महिना असा गेला. दुपारी बाहेर पाऊल टाकवत नव्हतं, कूलरचा आवाज घरभर, आणि त्या आवाजात फोन ऐकू यायचा नाही म्हणून ते मधेमधे कूलर बंद करून उकाड्यात बसत.

यंदा अधिक महिना आल्यामुळे वर्षश्राद्ध जुलैच्या पहिल्या आठवड्यात होतं. निनाद येईल की नाही याची त्यांना खात्री नव्हती. तो आला, एकटाच, आदल्या दिवशी दुपारी. वाकून नमस्कार केला, बॅग ठेवली, आईच्या फोटोपुढे उभा राहिला. गुरुजींनी सांगितलेलं सगळं दुसऱ्या दिवशी त्याने नीट केलं. गुरुजी जेवून गेल्यावर दोघंच उरले.

"मी तुम्हाला माफ करायला आलेलो नाही," निनाद म्हणाला.

"मी तसं मागितलेलं नाही."

"मला सगळं सांगा. पहिल्यापासून. काही गाळू नका, स्वतःला वाईट ठरवण्यासाठी काही वाढवूही नका."

विश्वनाथरावांनी सांगितलं. साडीचा घेर, उपास, पाडव्याचं श्रीखंड. निनाद मधेमधे बारीक प्रश्न विचारत होता. त्या वेळी ती झोपायची का? कुठल्या कुशीवर? मला फोनवर काहीच का बोलली नाही? विश्वनाथरावांना जे ठाऊक होतं ते त्यांनी सांगितलं, जे नव्हतं तिथे ठाऊक नाही म्हटलं. आणि शेवटी, जे त्यांनी मिलिंदलाही सांगितलं नव्हतं, ते आलं.

"मी तिला विचारलं होतं, हॉस्पिटलात, तू खाली औषधं आणायला गेला होतास तेव्हा. म्हटलं, त्याला खोटं का सांगितलंस? तर म्हणाली, मी गेल्यावर तुम्हाला तोच एक उरणार. त्याला तुमच्यापासून तोडू नका. शपथ घातली नाही, पण हात धरून ठेवला होता."

निनाद उठला आणि स्वयंपाकघरात गेला. नळ सुरू झाला, बराच वेळ सुरू राहिला. परत आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं, डोळे लाल.

"तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं, मला काय कळावं आणि काय नाही," तो म्हणाला. "माझी आई होती. मला विचारायचं होतंत. मी तिला उचलून नेलं असतं बाबा! खांद्यावर घालून नेलं असतं."

"नेलं असतंस," विश्वनाथराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशीचं तिकीट निनादने रद्द केलं नाही. स्टेशनवर बापाला येऊ दिलं नाही. ऑटोत बसताना म्हणाला, "पाऊस आहे, वर जा," आणि ऑटो वळली.

रविवार आला, गेला. फोन नाही. विश्वनाथरावांनी मनाची तयारी केली की आता हे असंच. एकटं पाडणं हे शनीचं काम, असं ते लोकांना सांगत आले होते. आता त्यांच्या ध्यानात येत होतं की या बाबतीत शनीला फारसं काही करावं लागलं नव्हतं.

बुधवारी दुपारी ते भांडी विसळत होते तेव्हा फोन वाजला. निनाद. बुधवारी तो कधीच फोन करत नसे. ओल्या हातांनीच त्यांनी उचलला.

"आईची फाइल आहे ना घरी?" निनादने जेवलात का असं विचारलं नाही. "पहिला रिपोर्ट, भरती केलं त्या दिवशीचा. त्यात काय लिहिलंय ते मला ऐकायचंय. मी एका डॉक्टर मित्राशी बोलतोय, त्याला सांगायचंय."

"आहे. कपाटात आहे. थांबशील का?"

"थांबतो."

त्यांनी फोन तसाच कानाशी धरून कपाट उघडलं, फाइल काढली, चष्मा शोधला. पहिलं पान कोपऱ्यात दुमडलेलं होतं, ते त्यांनी हाताने सरळ केलं आणि वाचायला लागले. इंग्रजी शब्द अडखळत, एक एक. दोन ओळी झाल्या असतील.

"हळू वाचा बाबा," निनाद म्हणाला. "मी लिहून घेतोय. मला घाई नाही."

विश्वनाथराव खुर्ची ओढून बसले आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागले.